निळा ठिपका नसलेल्या मेंढ्या

शेळीला सुई टोचली तर ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडते. मेंढी ओरडत नाही. पाय मोडला तरी ती तीन पायांवर कळपाबरोबर चालत राहते, पोट फुगलं तरी मान खाली घालून चरल्यासारखं करते, आणि एका सकाळी उठतच नाही. सव्वीस वर्षं मी उज्जैन जिल्ह्यात पशुवैद्य आहे. गाई, म्हशी, कोंबड्या, उंट आणि सिंहस्थात एका आखाड्याचा हत्तीसुद्धा तपासला. हत्ती सोपा होता. काय होतंय ते त्याने लगेच दाखवलं. सगळ्यात अवघड पेशंट मेंढी, आणि तिच्याहून अवघड तिचा मालक.

आमच्या माधव नगरच्या भिशीत हे कुणाला पटत नाही. तिथल्या बायका मला लॅब्राडोरच्या केसगळतीबद्दल विचारतात. मी म्हटलं, माझ्याकडे मेंढ्या जास्त असतात, तर माझी चुलतसासू म्हणाली, "मग तुला स्वेटरची लोकर तरी स्वस्तात मिळत असेल."

"काकू, त्या लोकरीचा स्वेटर घातलात तर अंगाला खरारा होईल."

हे खरंच आहे. आपल्याकडच्या बहुतेक मेंढ्यांची लोकर जाडी, राठ, गालिच्याच्या कामाची. तीही आता कातरून घेणाऱ्याला कौतुक वाटत नाही. मग लोक मेंढ्या का पाळतात? मांसासाठी, हे पहिलं उत्तर, आणि ते चारचौघांत कुणी देत नाही. दुसरं उत्तर आमच्या माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. सोयाबीन निघाल्यापासून गहू पेरेपर्यंत पंधरा-वीस दिवसांची जी फट असते, तेवढ्यात राजस्थानातून रेबारी लोक आपले कळप घेऊन इथे येतात. कळपाला इथे रेवड म्हणतात. शेतकरी त्यांना आपल्या शेतात रेवड ‘बसवायला’ बोलावतात. दिवसा मेंढ्या आजूबाजूला चरतात, संध्याकाळी त्या शेतात येऊन बसतात, लेंड्या आणि मूत मातीत जातं. बदल्यात शेतकरी धान्य देतो, गूळ-चहा देतो. गव्हाला असं खत दुसरं नाही. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशी पाळी लागते, आणि पाळीवरून भांडणंही होतात.

म्हणजे मेंढी ही चालणारी खताची गाडी आहे. चालणारी, हा शब्द महत्त्वाचा. मारवाडी जातीची मेंढी बघा. काळं तोंड, गुंडाळीसारखे छोटे कान, लांब पाय. दिसायला काही खास नाही, पण राजस्थानातल्या पालीहून उज्जैनपर्यंत चालत येते आणि चालत परत जाते. सोनाडी जातीचे कान एवढे लांब की चरताना जमिनीला लागतात. तीही चालते. आपली दख्खनी काळी मेंढी, घोंगडीवाली, तीही चालणारीच. नोकरीच्या सुरुवातीला एका योजनेत आम्ही रेबाऱ्यांना परदेशी रक्ताचे मेंढे वाटले होते. मऊ लोकर, गुबगुबीत, फोटोत फार छान. उद्देश होता जात सुधारण्याचा. भीमाराम नावाच्या रेबाऱ्याला मी स्वतः त्यातला एक मेंढा दिला. पुढच्या वर्षी तो आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "मेंढा कैसा है?"

"बाईसा, मेंढो तो घणो फूटरो," म्हणजे फार देखणा. "पण चाले कोनी," चालतच नाही. "सावली दिसी के बैठ्यो. म्हारी घरवाळी कहवे, यो मेंढो है के जमाई?"

जावई बापूंना पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तेव्हापासून माझी आणि भीमारामची ओळख. उंच, लाल पगडी, बोलणं तोलून मापून. त्याची बायको केसीबाई त्याच्या उलट. माझ्या कामात चूक दिसली की तोंडावर सांगणार. मला अशी माणसं बरी वाटतात.

मेंढीचा आणखी एक स्वभाव सांगितला पाहिजे. दुखण्याला ती ओरडत नाही, पण एकटी राहू शकत नाही. नानाखेड्याच्या एका कॉलनीत कुलकर्णीकाका नावाचे निवृत्त बँक मॅनेजर होते. त्यांनी लॉन कापायच्या मशीनऐवजी एक मेंढी आणली. कल्पना त्यांना एवढी आवडली होती की शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. चौथ्या दिवशी त्यांचा फोन. मेंढी दिवसभर ओरडते, खात नाही, शेजारी आता तक्रार करायला येतात. मी गेले, तपासलं. तिला काहीही झालेलं नव्हतं.

"मग औषध काय?" काका म्हणाले.

"दुसरी मेंढी."

"अहो मॅडम, मी गंभीरपणे विचारतोय."

"मीही. नाहीतर एक जुना आरसा लावून बघा."

काकूंनी कपाटाचा आरसा काढून अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. मेंढी त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि गप्प झाली. काका मात्र दुखावले. म्हणाले, "चार दिवस मी तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलो, त्याचं काहीच नाही?" महिन्याभरात मेंढी एका शेतकऱ्याकडे गेली आणि काकांनी मशीन घेतलं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते. ती माझ्या चुकीची आहे.

काही वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर भीमारामचं रेवड तराना रस्त्याकडच्या एका गावात उतरलं. बोलावणारा शेतकरी मदनलाल, गावात वजन असलेला माणूस. मेंढ्यांना दर वर्षी आंत्रविषाराची लस द्यावी लागते. हिंदीत या रोगाला फडकिया म्हणतात. मेंढीच्या आतड्यात एक जंतू नेहमीच असतो. गरीब चाऱ्यावर तो गप्प असतो. अचानक भरपूर धान्य पोटात गेलं की तो माजतो, विष तयार करतो, आणि मेंढी काही तासांत तडफडून मरते. लस दिली की काम झालं. एक बाटली, पन्नास मेंढ्या.

लस मागवायची तर आकडा लागतो. मी भीमारामला फोनवर विचारलं, "इस बार कितनी हैं?"

"हैं बाईसा, थोड़ी-घणी."

"अरे, फिर भी? तीन सौ?"

"आप समझ लो."

मी समजून घेतलं. सहा बाटल्या घेऊन सकाळी गेले. माझ्याबरोबर आमचे कंपाउंडर रामेश्वरजी. कुंपणाच्या फटीतून एकेक मेंढी काढायची, मी टोचणार, रामेश्वरजी पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका देणार, म्हणजे एकीला दोनदा टोचलं जाऊ नये. दुपारपर्यंत कुंपणातल्या सगळ्या मेंढ्या झाल्या आणि बाटल्याही बरोबर संपल्या. मी फार खूश झाले. अंदाज असा अचूक यायला वर्षानुवर्षं लागतात, असं रामेश्वरजींना ऐकवलंसुद्धा. केसीबाई चहा देताना माझ्याकडे काही वेळ बघत राहिली, पण बोलली नाही. ती बोलली नाही हीच गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती.

दहा-बारा दिवसांनी सकाळी भीमारामचा फोन आला. काल तीन मेल्या, आज उठून पाहिलं तर पाच.

"कौन सी मरीं? दुबळी, बूढ़ी?"

"नहीं बाईसा. जो सबसे तगड़ी थीं, वो ही."

हे ऐकून मी गाडीची किल्ली उचलली. रोग बहुधा दुबळ्यांना आधी नेतो. धडधाकट, खाणाऱ्या मेंढ्यांना आधी नेणारा एकच माझ्या डोक्यात आला, आणि त्याची लस मी स्वतः दिली होती. जाताना देवास गेटवरच्या मेडिकलमध्ये गाडी थांबवून माणसांच्या लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "मैडम, शुगर हो गई क्या?" मी म्हटलं, "देखते हैं किसको हुई है."

गावात पोहोचले तेव्हा शेताच्या बांधावर तीस-चाळीस माणसं जमलेली. एकीकडे मदनलाल आणि गावकरी, दुसरीकडे भीमाराम आणि त्याचे दोन भाऊ, हातात काठ्या. मध्ये पाच मेलेल्या मेंढ्या.

मदनलाल मला बघताच म्हणाला, "मैडम, इनको आज ही निकालो. म्हारे घर में बारा भैंस हे. बीमारी लगी तो कुण देगा?"

भीमारामचा भाऊ म्हणाला, "बीमारी कोनी. इन्होंने खेत में दवाई छिड़की है. ज़हर दियो म्हारी भेड़ां ने."

"अरे, ज़हर देना होता तो बुलाता क्यूँ?"

"पहले बुलायो, खाद मिल गी, अब भगावे!"

हे नुसतं भांडण नव्हतं. मेंढ्या मरतायत म्हणून एका गावाने रेवड हाकललं की बातमी मोबाइलवरून रेवडाच्या पुढे पोहोचते. पुढचं गाव शिवेवरच अडवणार, त्याच्या पुढचंही. गव्हाची पेरणी आठवड्यावर आलेली. तेवढ्यात कुठे बसायला मिळालं नाही तर भीमारामच्या घराचं वर्षभराचं धान्य गेलं, आणि उपाशी, आजारी मेंढ्या रस्त्यावर मरणार त्या वेगळ्याच. हे तो मला बोलला नाही. तो फक्त म्हणाला, "बाईसा, आप बताओ. आप जो बोलोगे, मैं मान लूँगा."

असं कुणी म्हटलं की जास्त भीती वाटते.

मी सगळ्यांना मागे सरकवलं आणि तिथेच मेंढी उघडली. फाडलेली मेंढी बघायला माणसं पुढे सरकतात आणि पाच मिनिटांत आपोआप मागे जातात, तशी गेली. हृदयाभोवती पाणी साचलेलं. मूत्रपिंड नेहमी घट्ट असतं, ते बोटाखाली लगद्यासारखं दबत होतं. मूत्राशयातली लघवी सिरिंजने काढून पट्टीवर टाकली. पट्टीचा रंग बदलला. फडकियात मेंढीच्या लघवीत साखर येते, फवारणीच्या विषाने ती सहसा येत नाही. पोटात काय होतं तेही सगळ्यांना दाखवलं. अख्खे सोयाबीनचे दाणे, भरपूर.

"मदनलालजी, ये दाने कहाँ से आए?"

मदनलालने भावाकडे बघितलं. मग त्याचा धाकटा भाऊ म्हणाला की हार्वेस्टर एका कोपऱ्यात बिघडलं होतं, तिथे पोतंभर सोयाबीन सांडलेलं होतं. वेचायला मजूर मिळाले नाहीत. मदनलालच म्हणाला, भेड़ें खा लेंगी, बेचारी दूर से आई हैं.

"म्हने तो अच्छे मन से खिलाया," मदनलाल म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता.

"मैंने कब कहा बुरे मन से? लेकिन ज़हर आपने नहीं दिया, और आपकी भैंसों को भी कुछ नहीं होगा. ये एक से दूसरी को लगने वाली बीमारी नहीं है."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण काठी खाली ठेवत भीमारामच्या भावाने रास्त प्रश्न विचारला. "तो बाईसा, टीको लगायो थो ना आपने? फेर क्यूँ मरी?"

मी पाचही मेंढ्या पालथ्या करून पाठी बघितल्या. एकीच्याही पाठीवर निळा ठिपका नव्हता. रामेश्वरजींनीही बघितलं आणि माझ्याकडे न बघता रंगाचा डबा उगाच पुसायला लागले. मी वर मान करून रेवडाकडे बघितलं, या वेळी नीट. ठिपक्यांच्या मेंढ्या होत्या, आणि ठिपके नसलेल्याही होत्या. भरपूर.

"भीमाराम, उस दिन सब भेड़ें बाड़े में नहीं थीं?"

भीमाराम केसीबाईकडे वळला. उत्तर केसीबाईने दिलं.

"कोनी थीं. आधी से कम तो नाळा पार चरे थीं, म्हारे देवर कने." म्हणजे निम्म्याहून थोड्या कमी नाल्यापलीकडे, तिच्या दिराकडे होत्या.

"तो बताया क्यों नहीं?"

"आपने पूछ्यो, कित्ती है. गिनती म्हें बोलां कोनी. बोली गिनती पर नज़र लागे. इत्ता साल से आवो हो, इत्ती बात आपने ठा कोनी?" ती थांबली, मग म्हणाली, "आप पूछतीं कि सगळी आ गी के नहीं, तो म्हें बोल देती कि नहीं आई. पण आपरी शीशी खाली हो गी थी और आप राजी घणा था. मैंने सोच्यो, सरकार ने इत्ती ही भेजी होगी."

मला ठाऊक होतं. रेबारी आपल्या मेंढ्यांचा आकडा तोंडाने सांगत नाहीत, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच ऐकलं होतं. आम्ही ऑफिसात त्यावर हसायचो. त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र इतक्या वर्षांत डोक्यात शिरलं नव्हतं. ‘आप समझ लो’ हे त्याने मला दिलेलं उत्तर नव्हतं. तू स्वतः येऊन डोळ्यांनी बघ, असं तो सांगत होता. मी आकडा आपल्या मनाने ठेवला, आणि तो बाटल्यांशी जुळला म्हणून तोच खरा मानला.

वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. मेंढ्या लगेच त्या शेतातून बाहेर, फक्त वाळलेला कडबा, धान्याचा एक दाणा नाही, हे सांगितलं. लस तातडीने हवी होती. लस टोचल्यावर असर यायला आठ-दहा दिवस जातात, तोवर पोटावरच आवर घालायचा. पण गोदामातून लस काढायची तर पुन्हा तोच रकाना, पशुसंख्या. मी कागद हातात घेतला आणि भीमारामसमोर बसले.

"भीमाराम, मुझे गिनती नहीं चाहिए. एक शीशी में पचास का काम होता है. जिनकी पीठ पर नीला नहीं है, उनके लिए शीशी कितनी लाऊँ?"

भीमारामने रेवडाकडे नजर फिरवली. ओठ हलले नाहीत. "चार लाओ बाईसा." मग जरा थांबून, "चौथी पूरी नहीं लगेगी."

केसीबाई पदराआड हसली. एवढं सोपं होतं.

मदनलाल मात्र अजून तयार नव्हता. तोंडी सांगणं त्याच्या गावाला पुरणार नव्हतं. "मैडम, लिख के दो. कल को किसी की भैंस मरी तो सब म्हारे दरवाजे पे आएँगे."

सरकारी माणूस असं लिहून देत नाही. रामेश्वरजी कानात म्हणाले, "मैडम, मत दो. बाद में यही कागज़ आपके सामने रख देंगे." त्यांचं बरोबर होतं. पण लिहिलं नाही तर रेवड दुपारी निघणार, आणि लस रिकाम्या शेताला टोचावी लागणार. मी बोनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं: हा रोग गाई-म्हशींना या मेंढ्यांपासून लागत नाही. शेतकऱ्याने विष दिलेलं नाही. मेलेल्या मेंढ्यांना लस दिलेली नव्हती, कारण सर्व मेंढ्या आल्या आहेत का हे मी पाहिलं नाही. ही चूक माझी. खाली सही, शिक्का, मोबाइल नंबर.

मदनलालने कागद मोठ्याने वाचून घेतला. शेवटची ओळ दोनदा. एक म्हातारा म्हणाला, "सरकार ने गलती लिखी हे, पेली बार देखी." मदनलालने कागदाचा मोबाइलवर फोटो घेतला, मूळ कागद भीमारामच्या हातात दिला आणि म्हणाला, "रेवड यहीं बैठेगा. घर के पिछवाड़े वाले खेत में."

त्या दुपारी चार बाटल्या आल्या. चौथीत खरंच थोडी लस उरली. पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन मेंढ्या गेल्या, त्यातली एक केसीबाईने अंगावरचं दूध पाजल्यासारखी वाढवलेली. एकूण अकरा. त्या अकरा माझ्या खात्यावर आहेत आणि राहतील. त्यावर मला कुणाचं सांत्वन नको आहे. चौथ्या दिवसापासून एकही मेली नाही.

कागदाचं पुढे काय होईल याची मी वाट बघत होते. ऑफिसातून खुलासा मागवला गेला, मी तो दिला, साहेबांनी माझ्याकडे तऱ्हेवाईक माणसाकडे बघावं तसं बघितलं. फाइल बंद झाली. पण कागद बंद झाला नाही. आठवड्याने अनोळखी नंबरावरून फोन आला. दूरच्या कुठल्या तरी गावाचा सरपंच.

"मैडम, ये एक रेवड वाला आया हे. सुना हे इसकी भेड़ें मरी थीं. ये आपका कागज़ दिखा रहा हे. आपका ही हे?"

"मेरा ही है."

"इसमें लिखा हे, गलती डॉक्टर की थी."

"थी."

"आपकी ही?"

"मेरी ही."

पलीकडून कागदाची सळसळ आली. मागे भीमारामचा आवाज ऐकू येत होता, तो कुणाला तरी रस्ता विचारत होता.

"तो बैठने दें इनको?"

"बैठने दीजिए."

पेरणी संपेपर्यंत असे पाच फोन आले, प्रत्येक वेळी पुढच्या गावातून. प्रत्येक वेळी मला विचारलं गेलं की चूक माझीच ना, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं, म्हणजे रेवड शेतात उतरायचं. पाचव्या फोनच्या वेळी मी भिशीत होते. उठून बाहेर गेले, "हाँ, मेरी ही गलती थी" एवढं बोलून आत आले. चुलतसासूने विचारलं, "कुणाचा फोन गं?"

मी म्हटलं, "एका पेशंटला बसायला जागा हवी होती. मिळाली."